पेठेचा बांध

रेवस बंदरापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत रायगड जिल्ह्याचा बराचसा किनारा पसरलेला आहे. या किनाऱ्यावर अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशी लहान लहान गावे आहेत. गावाच्या मधून एक अरुंद रस्ता जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने असतात. पुढे दुकान आणि मागे किंवा माडीवर घर, अशी बऱ्याच दुकानांची जुनी रचना असते. किराणा, कापड, भांडी, औषधे, शिंपी, सोनार, बेकरी, घड्याळजी असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. या रस्त्याला लोक 'बाजारपेठ' किंवा नुसतीच 'पेठ' म्हणतात.

विद्यार्थिमित्रांनो, पेठेतले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. बाजार, दुकान, बंदर, हिशेब, नफा, दलाल हे सर्व शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि उर्दूतही आहेत. 'तोटा' हा शब्द मात्र इकडचाच! हे शब्द पुस्तकांतून आले नाहीत. ते मालाबरोबर आणि माणसांबरोबर आले.

अलिबागच्या दक्षिणेला चौल हे गाव आहे. आज तेथे माडांच्या वाड्या आणि शांत रस्ते दिसतात. परंतु एक हजार वर्षांपूर्वी चौल हे मोठे बंदर होते. बगदादचा प्रसिद्ध प्रवासी अल् मसूदी हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, येथे आला होता. अरब लोक या बंदराला 'सैमूर' म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी होते, तसेच येथेच जन्मलेले लोकही होते. त्या वेळी या भागावर राष्ट्रकूट राजांचे राज्य होते. राजाने या लोकांमधूनच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला 'हुनरमन' असे नाव होते. आपसांतील तंटे तो मिटवीत असे.

परमुलखात आलेल्या व्यापाऱ्याला माल, पैसा आणि जहाज एवढ्यावर धंदा करता येत नाही. भांडण झाले तर ते कोणी मिटवायचे, शब्द मोडला तर कोणाकडे जायचे, हे ठरलेले असावे लागते. चौलच्या व्यापाऱ्यांनी आणि राजाने ते ठरवले होते. पुढे १४६९ मध्ये अफानासी निकितीन हा रशियन व्यापारीही चौललाच उतरला. पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला कोट बांधला. नंतर मुंबई बंदर वाढत गेले आणि चौलचा व्यापार ओसरला.

पेठा ओस का पडतात?

चौलची गोष्ट फार जुनी झाली. पण त्याच कारणाने किनाऱ्यावरच्या इतर पेठांवरही परिणाम झाला. या पेठा बंदरांमुळे वाढल्या होत्या. मुंबईहून आगबोट किंवा गलबत येई, तेव्हा कापड, साखर, रॉकेल, भांडी उतरत. जाताना सुपारी, नारळ, तांदूळ, सुकी मासळी चढे. उतारूंची चढउतार पेठेतूनच होई. पुढे आगबोटी बंद झाल्या आणि रस्ते झाले. मुंबई-गोवा महामार्ग मात्र समुद्रापासून दूर, पेण, माणगाव, महाड या गावांवरून जातो. १९९८ मध्ये सुरू झालेली कोकण रेल्वेही रोह्याहून आतल्या बाजूने जाते. त्यामुळे किनाऱ्यावरची गावे वाटेवरची न राहता आडवाटेची झाली. आता तर मोठी खरेदी लोक पनवेलला किंवा मुंबईला जाऊन करतात, नाहीतर मोबाइलवरून घरी मागवतात.

त्यात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. टाळेबंदीमुळे दुकाने आधीच अडचणीत होती. वादळात दुकानांवरचे पत्रे उडाले, माल भिजला. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन भागांतल्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप लावले तर त्याला सुपारी धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. तेवढी वर्षे वाडीवाल्याच्या हातात पैसा कमी येतो. मग तो नवे कपडे शिवत नाही, घराला रंग देत नाही, किराण्याची उधारी थकवतो. झाड वाडीत पडले तरी त्याचा आवाज पेठेतल्या गल्ल्यावर ऐकू येतो, तो असा.

एखादे दुकान बंद पडले, तर नुकसान फक्त त्या दुकानदाराचे होते असे आपल्याला वाटते. तसे नाही. समजा, पेठेतले औषधांचे दुकान बंद झाले. आता म्हाताऱ्या माणसाला गोळ्यांसाठी एस.टी.ने दुसऱ्या गावाला जावे लागेल. एवढे भाडे घालून गेलेला माणूस तिथूनच साबण, चहापूड आणि नातवासाठी वही घेऊन येईल. म्हणजे किराणावाल्याचे आणि वह्या विकणाऱ्याचेही गिऱ्हाईक गेले. पुढे शिंपी गेला की कापडवाल्याला अडचण येते. ही साखळी फार लवकर तुटत जाते. शेवटी सर्वांत जास्त हाल होतात ते गाडी नसलेल्या आणि हाती पैसा थोडा असलेल्या माणसांचे. श्रीमंत माणूस कोठूनही वस्तू आणू शकतो.

बांध एकाचा नसतो

अलिबाग आणि पेण तालुक्यांत खाडीकाठी खारजमिनी आहेत. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. बांधाला कोठेही खांड पडली, तर खारे पाणी सर्वांच्या शेतांत पसरते आणि पुढची काही वर्षे भात नीट पिकत नाही. 'माझ्या शेतासमोरचा बांध मजबूत आहे' असे म्हणून कोणालाही स्वस्थ बसता येत नाही. म्हणून पूर्वी गावकरी एकत्र येऊन श्रमदानाने बांध दुरुस्त करीत. या पद्धतीला 'जोळ' म्हणत.

पेठेचेही असेच आहे. दुकान प्रत्येकाचे वेगळे असते, पण गिऱ्हाईक पेठेत येते ते सगळ्या दुकानांमुळे. रस्ता स्वच्छ असणे, रात्री दिवे असणे, गाडी लावायला जागा असणे, वजनमाप खरे असणे, या गोष्टी कोणा एकाच्या हातातल्या नाहीत. त्या बांधासारख्या सर्वांच्या आहेत.

या किनाऱ्यावर असे एकत्र काम कोठे दिसते? मुरूडच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरी हे गाव आहे. समोर समुद्रात जंजिरा किल्ला उभा आहे. 'जंजिरा' हा शब्द 'जझीरा' म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आलेला आहे, हे तुम्ही सहज ओळखले असेल. किल्ला पाहायला हजारो पर्यटक येतात आणि राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्यांत बसून जातात. प्रत्येक होडीवाल्याने पर्यटकाचा हात धरून 'माझ्या होडीत चला' म्हणून ओढले असते, तर धक्क्यावर रोज भांडणे झाली असती. दरही कोणी कसेही सांगितले असते. पण येथील होडीवाल्यांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आहेत. पर्यटकाने तिकीट काढायचे आणि पाळी असेल त्या होडीत बसायचे. आज ज्याला कमी फेऱ्या मिळाल्या, त्याची पाळी उद्या येते. पावसाळ्यात समुद्र खवळतो व किल्ला बंद असतो. तेव्हा सगळ्यांचीच कमाई थांबते. पाळी ही साधी गोष्ट वाटते. परंतु ती टिकवायला रोज मन आवरावे लागते.

बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळास हे गाव आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. गावकऱ्यांनी त्या अंड्यांचे रक्षण केले. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येऊ लागले. गावात मोठे हॉटेल नव्हते. तेव्हा पाहुणे घराघरांतून उतरू लागले आणि राहण्या-जेवण्याचा दर सर्वांनी सारखा ठेवला. आपले पाहुणे शेजाऱ्याने पळवले, ही तक्रार त्यामुळे आपोआप कमी होते.

आता मुरूडच्या पेठेचा विचार करा. किल्ला पाहून परत फिरलेला पर्यटक पेठेतून जातो खरा, पण बहुतेक वेळा गाडीच्या काचेआडून. त्याला थांबावेसे वाटले पाहिजे. एकटा बेकरीवाला त्याला थांबवू शकत नाही. गाडी लावायला जागा, बसायला सावली, प्यायला पाणी, पाटीवर लिहिलेला भाव आणि बाहेरगावच्या माणसाला फसवणार नाही असा पेठेचा लौकिक, हे सगळे जुळून आले तर तो उतरतो. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. दहा दुकानदारांनी मिळवलेले नाव एक लबाड दुकानदार घालवू शकतो.

पेठ एकत्र येऊन काय करू शकते?

पहिली गोष्ट वेळेची. गावोगावहून आलेल्या माणसाला अर्धी दुकाने बंद दिसली, तर तो पुन्हा येताना विचार करतो. पूर्वी आठवड्याची सुट्टी कायद्याने ठरत असे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याप्रमाणे दुकान वर्षभर रोज उघडे ठेवता येते. हा कायदा ज्या दुकानांना लागू होतो, तेथील नोकरांना मात्र आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. तेव्हा सुट्टीचा वार दुकानदारांनीच बसून ठरवायला हवा. औषधांच्या दुकानांनी रात्रीची पाळी वाटून घेतली, तर गावाला केवढा आधार होतो!

दुसरी गोष्ट मालाची. वाशीच्या घाऊक बाजारातून माल आणताना प्रत्येकाने वेगळा टेम्पो केला तर भाडे जास्त पडते. चौघांनी मिळून एक गाडी केली की तेच भाडे वाटले जाते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे एकत्र येऊन सहकारी संस्था नोंदवू शकतात. तेथे भाग कितीही घेतले तरी प्रत्येक सभासदाला मत एकच असते.

तिसरी गोष्ट सांगायला लोक लाजतात, म्हणून ती येथे स्पष्ट लिहितो. पेठेत स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवे. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून बाया सकाळी येतात आणि दुपारी परततात. सोय नसेल तर त्या घाईघाईने दोन वस्तू घेऊन निघून जातात. दिव्यांच्या माळांवर खर्च करणाऱ्या पेठेने आधी इकडे लक्ष दिले, तर विक्री अधिक वाढेल असे माझे मत आहे.

आणि मग रस्त्यावर बसणारे विक्रेते. टोपलीत मासळी घेऊन बसलेल्या कोळणी, भाजीवाल्या, अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणाऱ्या शेतकरी स्त्रिया यांच्याविषयी काही दुकानदार कुरकुर करतात. वाट अडते, हे खोटे नाही. पण ताज्या मासळीसाठी माणूस रोज पेठेत येतो, साडीसाठी वर्षातून चारदा येतो. मासळीवाल्या हलवल्या की त्यांच्यामागोमाग गिऱ्हाईकही हलते. त्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे दुसरीकडचा कांदा त्या नावाने विकायला बंदी झाली. अशी नाव असलेली वस्तू पेठेत मिळणे हे सर्वांच्याच फायद्याचे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरात एक समिती नेमायची असते आणि तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. त्यांतही एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जागा कोठे द्यायची हे भांडून ठरवण्यापेक्षा तेथे बसून ठरवता येते.

पैसे कोणी द्यायचे?

येथे खरी अडचण येते. समजा, पेठेतील साठ दुकानदारांपैकी पन्नास जणांनी वर्गणी काढून झाडणारा माणूस ठेवला आणि दिवे लावले. दहा जणांनी काहीच दिले नाही. उजेड मात्र त्यांच्याही दारात पडतो. पुढच्या वर्षी वर्गणी देणारे विचारतात, 'आम्हीच का द्यायची?' मग पन्नासाचे चाळीस होतात, चाळिसाचे वीस होतात आणि एक दिवस दिवे बंद पडतात. चांगल्या मनाने सुरू झालेली कितीतरी कामे अशीच थांबतात.

ही अडचण आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडातील टोरांटो शहरात ब्लूर नावाचा रस्ता आहे. १९६८ मध्ये तेथील भुयारी रेल्वे पश्चिमेकडे वाढवण्यात आली. आधी लोक रस्त्यावरच्या ट्रामने जात, दुकाने पाहत, उतरत. आता ते जमिनीखालून जाऊ लागले. शिवाय शहरात मोठी व्यापारी संकुले उभी राहत होती. रस्त्यावरच्या दुकानांत शुकशुकाट झाला. तेव्हा तेथील दुकानदारांनी असा कायदा मागितला, की त्या भागातील प्रत्येक व्यावसायिकाने ठरलेली रक्कम दिलीच पाहिजे. नगरपालिकेने ती करासोबत गोळा करावी आणि खर्च कशावर करायचा ते दुकानदारांच्या मंडळाने ठरवावे. १९७० मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. त्या पैशांतून दिवे, बाके, फुलझाडे आणि जाहिरात यांवर खर्च झाला. पेठ सावरली. जगातली अशा प्रकारची ही पहिली व्यवस्था मानली जाते. पुढे ब्रिटनमध्येही २००३ च्या कायद्याने अशी पद्धत आली. तेथे आधी व्यापाऱ्यांचे मतदान घेतात. बहुमत मिळाले, तरच रक्कम सर्वांना बंधनकारक होते.

आपल्या लहान गावांत वर्गणी राजीखुशीची असते. तेथे कायद्याची जागा शेजारधर्माला घ्यावी लागते. त्यासाठी एक जुना उपाय आहे. जमाखर्च फळ्यावर लिहून पेठेत लावायचा. कोणी किती दिले आणि ते कशावर गेले, हे येणारा-जाणारा वाचतो. न देणाऱ्याला कोणी बोलावे लागत नाही. याचा दुसरा फायदा म्हणजे खजिनदारावरही सर्वांची नजर राहते. सहकार म्हणजे डोळे मिटून ठेवलेला विश्वास नव्हे. २०१० मध्ये पेण अर्बन बँक अडचणीत आली, तेव्हा हजारो लहान ठेवीदारांची आयुष्यभराची बचत अडकून पडली. त्या जखमा जिल्ह्यात अनेक घरांना ठाऊक आहेत.

एकी वाईट कामासाठीही होऊ शकते, हेही सांगितले पाहिजे. चार दुकानदारांनी गुपचूप बसून तेलाचा भाव वाढवायचे ठरवले, तर तीही एकीच. पण ती गिऱ्हाइकाविरुद्ध केलेली एकी आहे आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याला ती मान्य नाही. होडीचे भाडे सर्वांसमोर एकच ठेवणे वेगळे आणि गिऱ्हाइकाला कोठे जायला वाट उरू नये म्हणून भाव बांधणे वेगळे.

पेठेबाहेरचे काम

कधी कधी पेठेचे संकट पेठेच्या बाहेरून येते. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टी झाली. सावित्री नदीच्या पुरात महाड आणि वाशिष्ठीच्या पुरात शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण बुडाले. दोन्ही गावांच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर दुकानांत गुडघाभर चिखल आणि कुजलेला माल उरला. धान्य, कापड, औषधे, वह्या, उधारीची खाती, सर्व एकाच रात्रीत गेले. गावोगावचे स्वयंसेवक चिखल काढायला आले. त्यांत सर्व धर्मांच्या संस्था होत्या. दुकानदारांनी दुकाने धुतली, उसनवारीने माल भरला आणि दारे उघडली.

परंतु दुकान धुऊन नदी बदलत नाही. नद्यांचे पात्र गाळाने भरले आहे, म्हणून पाणी पसरते, असे लोकांचे म्हणणे होते. चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी मिळून 'चिपळूण बचाव समिती' उभी केली. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांमधला गाळ काढावा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू झाले. साखळी उपोषणात रोज वेगळी माणसे बसतात; म्हणजे येथेही पाळी आलीच. दुकान सांभाळून उपोषण करायचे तर दुसरा मार्ग नव्हता. शासनाला लक्ष द्यावे लागले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी यंत्रे नदीत उतरली आणि 'नाम फाउंडेशन' ही संस्थाही त्या कामात सहभागी झाली. महाडमध्येही सावित्रीचा गाळ काढण्याची मागणी लोकांनी लावून धरली आणि तेथेही काम सुरू झाले.

गाळ मात्र दर पावसाळ्यात डोंगरावरून पुन्हा येतो. म्हणून या गावांतले दुकानदार आता उन्हाळ्यात मालाच्या भावाबरोबर नदीच्या खोलीचीही चौकशी करतात, आणि जूनच्या आधी खालच्या फळीवरचा माल माडीवर चढवून ठेवतात.